त्याच्यातला माणूस

मिरजेच्या वत्सलाबाई गुरवांच्या तरुण लेकीचा खून झाला होता. त्या खुन्यावर मालिका करून गाजलेले पत्रकार सरपोतदार एकदा कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी आले. तो तुरुंगात कविता करतो, चिमण्यांना दाणे घालतो, असं सांगून त्यांनी विचारलं, "बाई, त्याच्यातला माणूस तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतो की! वर्षभर तुम्ही तोच दाखवताय. पण साहेब, त्यानं मारलं तेही माणूसच होतं. ते कधी दाखवणार?"

सरपोतदार ओशाळले. "काय नाव होतं तिचं?"

"केतकी."

मग वत्सलाबाई कॅमेऱ्यासमोर बोलतच राहिल्या. लेक शेजारणींच्या नकला कशा करायची, ते सांगताना हसल्यासुद्धा.

मालिकेतली खुन्याची मुलाखत पुढे पुन्हा पुन्हा दाखवली गेली. केतकीची गोष्ट मात्र अजून कुणी पाहिलेली नाही.