टोपलीतला आवाज

"भंते, लोकांचं मन विहारात लागत नाही, ते या मोबाइलमुळेच ना?"

नवा श्रामणेर सुमेध विचारत होता. नागपूरची नोकरी सोडून तो या खेड्यातल्या विहारात भंतेंकडे शिकायला आला होता.

"पूर्वी मोबाइल नुसता वाजायचा. मग लोक फोटो काढू लागले. आता तर वंदना चालू असतानाच व्हिडिओ कॉल! मी बघा, माझा फोन आईला देऊन आलो."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. फोन घेतला आणि आत निघून गेली."



संध्याकाळी सुमेधने दाराशी, चपलांच्या शेजारी, एक टोपली ठेवली. जो तो मुकाट्याने तिच्यात मोबाइल ठेवून आत गेला.

पंचफुलाबाई मात्र दारातच अडल्या. त्यांच्या मोबाइलवर मुलीचा चेहरा दिसत होता.

"पोरीले डॉक्टरनं उठाले मनाई केली, भंतेजी. सातवा महिना हाय. तिकडं सुरतले जवळ कोनी नाही. हे येक वंदनाच राह्यली तिले."

"नियम सगळ्यांना सारखा, मावशी," सुमेध म्हणाला.

पंचफुलाबाईंनी मोबाइल पदराने पुसला. टोपलीत सगळ्यांत वर, उताणा ठेवला. कॉल बंद करायला त्यांचा हात धजला नाही.

वंदना सुरू झाली. भंते एक ओळ म्हणत, मग लोक तीच म्हणत.

पहिली ओळ संपली. सगळे थांबले...

आणि दारातून एक बारीक आवाज आला. तीच ओळ. सगळ्यांच्या मागून, एकटी.

"टोपली बी वंदना म्हन्ते का गा!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

पंचफुलाबाई ओशाळून उठू लागल्या. "बंद करतो, भंतेजी..."

भंतेंनी हातानेच त्यांना बसवलं. दुसरी ओळ म्हटली. लोकांनी म्हटली. भंते थांबले.

टोपलीतून ओळ आली. ती पुरी झाल्यावरच त्यांनी तिसरी सुरू केली.

असंच शेवटपर्यंत. वंदना लांबली. मघाशी हसणारेही आता दाराकडे कान देऊन थांबत होते.

लोक गेले. सुमेधचा चेहरा लाल झाला होता.

"भंते, एकीसाठी सगळे थांबले!"

"हो."

भंते कोपऱ्यात गेले. तिथलं एक आसन उचलून त्यांनी पुढच्या रांगेत अंथरलं.

"हे कुणाला?"

"पंचफुलाबाईंच्या मुलीला."

"पण ती इथे नव्हतीच, भंते. ती सुरतला आहे."

"ती वंदनेत होती. तू कुठे होतास?"

सुमेधने टोपलीकडे पाहिलं.

भंतेंनी आणखी एक आसन काढलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे तिच्या शेजारी टाक. तुझा फोन आईकडेच आहे ना?"