अर्धं लागलेलं बटण

“मग मी शिकवायचं तरी कसं, मॅडम? काचेतून हात घालू?”

शर्वाणी दारातूनच बोलत आत आली. एक चप्पल इकडे पडली, एक तिकडे.

ती लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हात नीट न चालणाऱ्या मुलांना घास उचलायला, पेन्सिल धरायला, कपडे घालायला शिकवायची. हे सगळं ती ज्यांच्याकडे शिकली, त्या कारखानीस मॅडम आता घरीच असत. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता.

“काय झालं?”

“सुरगाण्याकडची ती शाळा. मी इथून टॅबवर दिसते, तिथे मुलीशेजारी त्यांच्या भोयेबाई बसतात. दुसरीतली जयवंती. जन्मापासून बोटं ताठ. कधीपासून एकच बटण चाललंय आमचं. आज ते काजातून अर्धं बाहेर आलं होतं, मॅडम. अर्धं. आणि भोयेबाईंनी वाकून फटदिशी लावून टाकलं.”

“मग?”

“पोरीनं हात मांडीवर ठेवून दिले. पुन्हा उचललेच नाहीत. मी बाईंना नाही नाही ते बोलले. सगळ्या वर्गासमोर. आणि कॉल बंद केला.”

अंगणात जायला म्हणून मॅडमनी स्वेटर चढवला होता. डाव्या हातानं त्या वरचं बटण लावू लागल्या.

“मी तिथे असते तर हे झालंच नसतं. हे पडद्यावरचं काम म्हणजे थोतांड आहे. सोडतेय मी ते.”

बटण निसटलं. मॅडमनी पुन्हा धरलं.

पुन्हा निसटलं...

शर्वाणीच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. बाईंना अक्कल नाही, शाळेला काही पडलेली नाही, रेंजचा पत्ता नाही. बोलता बोलता ती उठली, मॅडमसमोर वाकली आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं भराभर लावून मोकळी झाली.

मॅडमनी खाली पाहिलं. मग तिच्याकडे.

“विचारलंस मला?”

“अहो, तुम्हाला जमत नव्हतं, म्हणून...”

मॅडमनी स्वेटरची कड धरून हिसडा दिला. खालचं एक बटण तुटून फरशीवर घरंगळत गेलं. उरलेली त्यांनी सावकाश, एकेक करून काढली.

“बस तिथे.”

ती बसली. मॅडम पुन्हा वरच्या बटणाला लागल्या. ते निसटलं, आणि शर्वाणीचे हात आपोआप उठले.

“हात.”

तिनं हात मांड्यांखाली दाबून धरले.

बटण काजात शिरलं. अडकलं. मागे आलं... शर्वाणीला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते कळेना.

शेवटी ते लागलं. मॅडमना धाप लागली होती, पण नजरेतला राग तसाच होता.

“भोयेबाईंना फोन करते,” शर्वाणी खाली बघत म्हणाली. “माफी मागते. आणि पुढच्या वेळी मी स्वतःच जाते शाळेत. जयवंतीच्या जवळ बसते.”

मॅडम उठल्या आणि दाराकडे वळल्या.

“जाशील. आधी लांब राहायला शीक.”