पाच रेघांचं इंजिन

फार वर्षांमागे एका गावाला मोटारींच्या शर्यतींचं भारी वेड होतं. इतर गावांत कुस्त्यांचे फड रंगतात, इथं माळावर मोटारी पळायच्या. दिवाळी झाली की सुरुवात, आणि ऊन तापेपर्यंत आठ शर्यती. आठांत मिळून जो पुढे राहील त्याला राजधानीच्या मोठ्या शर्यतीचं बोलावणं यायचं.

नियम तसा सोपा, पण कडक. प्रत्येक गॅरेजला वर्षभरात इंजिनं दोनच. पूर्वी म्हणे ज्याची ऐपत मोठी तो दर शर्यतीला नवं इंजिन बसवायचा, आणि बाकीचे हात चोळत बसायचे. म्हणून पंचांनी एक नोंदवाली बाई नेमली. ती वर्षाच्या सुरुवातीला इंजिनांना शिशाचं सील ठोकायची आणि चावडीवर फळा टांगायची. इंजिन माळावर उतरलं की फळ्यावर एक रेघ, मग शर्यत असो नाहीतर सराव. पाच रेघा झाल्या की ते इंजिन संपलं. तिसरं बसवायचं असेल तर खुशाल बसवा, पण मग उरलेल्या शर्यतींत रांगेच्या अगदी शेवटी उभं राहायचं. आणि त्या माळावर धूळ अशी उडायची, की शेवटचा तो शेवटचाच राहायचा.

कुणाचा संशय आला तर झडती मागायची मुभा होती. फक्त जो झडती मागेल त्याचं बॉनेट आधी उघडायचं, अशी रीत. त्यामुळे उगाच कुणी तोंड उघडत नसे.

गावाच्या वरच्या अंगाला एक मिस्त्री राहायचा. हाताला गुण असा, की बंद पडलेली गाडी त्याला बघून चालू व्हावी. पण स्वभाव मेला संशयी! दूधवाला तर सोडाच, दूधवाल्याच्या म्हशीवरसुद्धा त्याचा विश्वास नव्हता. त्याची मुलगी गाडी चालवायची आणि फार झकास चालवायची. तरी सलग तीन वर्षं ती दुसरी आली होती. यंदा राजधानीला जायचंच, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता.

मग पहिलं कोण यायचं? खालच्या अंगाच्या गॅरेजवाली बाई. मिस्त्रीही तीच आणि गाडी चालवणारीही तीच.

चौथी शर्यत झाली. तीन रेघा ओढलेलं इंजिन चौथ्या खेपेला कण्हतं, कुंथतं, हे कुणीही सांगेल. गॅरेजवालीचं इंजिन मात्र मजेत गुणगुणत होतं. मिस्त्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इथं नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्याला वाटलं.

आता सरळ जाऊन विचारावं की नाही? ते आमच्या मिस्त्रीला जमेना. विचारलं तर ती सावध होईल, हे त्याचं म्हणणं. म्हणून तो पाना मागायच्या निमित्तानं तिच्या गॅरेजात गेला. तिनं बसायला स्टूल दिलं, चहा टाकला. याचे डोळे मात्र चारी कोपरे धुंडाळत होते. तेवढ्यात त्याला मागच्या भिंतीशी काहीतरी ताडपत्रीखाली झाकलेलं दिसलं. खालून इंजिनाचा पाया डोकावत होता. म्हणजे तिसरं इंजिन! मिस्त्रीनं चहा घशात ओतला आणि पाना विसरून घरी आला.

मुलीला त्यानं सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, चला, उद्याच झडती मागू. मिस्त्री म्हणाला, थांब, अजून पुरावा जमू दे. मग रोज जेवताना तोच विषय. आज बाई लवकर का उठली, आज तिनं दार का लोटून घेतलं, आज फळ्यासमोर उभी राहून ती का हसली. ऐकून ऐकून मुलीचीही खात्री पटली.

बाईच्या नव्या इंजिनाला गाठायचं म्हणून मिस्त्रीनं मुलीला पाचव्या, सहाव्या, सातव्या शर्यतीत गाडी जिवाच्या आकांतानं पळवायला लावली. मध्ये एक सरावही उरकला. सातव्या शर्यतीनंतर दोन्ही गॅरेजं बरोबरीला आली खरी, पण मिस्त्रीचं दुसरं इंजिन काळा धूर ओकायला लागलं; पहिल्याच्या पाचही रेघा आधीच भरल्या होत्या. फळ्यावर या दुसऱ्याची एक रेघ शिल्लक होती, इंजिनात जीव मात्र शिल्लक नव्हता.

मुलगी टायर आणायला तालुक्याला गेली होती. भर दुपारी मिस्त्री त्या इंजिनासमोर डोक्याला हात लावून बसला. नवं बसवलं तर पोरगी रांगेच्या शेवटी, म्हणजे राजधानी गेलीच. मग त्याच्या मनानं हळूच हिशोब मांडला. ती बाई तिसरं वापरतेच आहे. आपणही वापरलं तर ती लबाडी कसली, ती तर बरोबरी झाली. त्यानं दार लावलं, जुन्या इंजिनाचं सील अलगद उतरवलं, नव्या इंजिनावर बसवलं आणि नंबरही जसाच्या तसा ठोकला. मुलीला यातलं अक्षर सांगितलं नाही.

आठव्या शर्यतीला अख्खा गाव माळावर लोटला. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. आणि मुलगी गाडीतून उतरून थेट पंचांसमोर गेली.

“मला खालच्या गॅरेजची झडती हवी आहे,” ती म्हणाली.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत गेला, तिला बाजूला ओढून म्हणू लागला की राहू दे, आता शर्यत पळ, मागाहून बघू. मुलीला वाटलं, अप्पांना भांडण नको आहे.

“अप्पा, आपलं सगळं स्वच्छ आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “आपल्याला कसली भीती?”

रीतीप्रमाणे तिचंच बॉनेट आधी उघडलं. नोंदवालीनं सील पाहिलं, ठीक होतं. नंबर पाहिला, तोही ठीक. मिस्त्रीच्या जिवात जीव आला. मग तिनं सायलेन्सरचा पाइप सोडवला आणि इंजिनाच्या तोंडात बोट घातलं. चार रेघा ओढलेल्या इंजिनात काजळीचा थर असतो. तिचं बोट जसं आत गेलं तसंच बाहेर आलं, स्वच्छ. तिनं ते मुलीसमोर धरलं.

नंतर गॅरेजवालीची दोन्ही इंजिनं तपासली. बोट दोन्ही वेळा काळंकुट्ट निघालं. नोंदवालीनं लोकांना फळा दाखवला. बाईच्या नावावर सरावाची एकही रेघ नव्हती, आणि पुढे निघून गेली की ती उगाच गाडी दामटतही नसे. म्हणून इंजिन टिकलं. ताडपत्रीखाली होतं ते तिच्या कलिंगडाच्या मळ्यातल्या पंपाचं इंजिन.

“मिस्त्री, त्या दिवशी विचारायचं होतं,” बाई म्हणाली. “मी स्वतः ताडपत्री उचलून दाखवली असती.”

मिस्त्रीचं गॅरेज त्या वर्षीच्या शर्यतींतून बाद झालं. राजधानीचं बोलावणं बाईला गेलं. बापलेक गाडी ढकलत घरी आले. दारात मुलगी थांबली.

“अप्पा, तिच्याबद्दल तुम्ही मला रोज सांगत होता,” ती म्हणाली. “आपल्याबद्दल एकदा तरी सांगायचं.”



मुलगी आजही त्याच्याच गॅरेजची गाडी चालवते. बापावर तिची माया आहे, त्याला गरम भाकरी वाढते. पण शर्यतीच्या दिवशी ती आधी चावडीवर जाऊन रेघा मोजते, मग परत येऊन सायलेन्सरचा पाइप सोडवते आणि स्वतःच्या बापानं बसवलेल्या इंजिनात बोट घालून बघते. रेघांच्या मानानं बोट काळं निघालं तरच गाडीत बसते. मिस्त्री शेजारी उभा राहून हे सगळं बघतो. त्याला वाईट वाटतं, फार वाटतं, पण तोंड उघडायची सोय राहिलेली नाही.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: संशय आला तर त्याच दिवशी तोंडावर विचारून टाकावं. मनात मुरत ठेवला, तर दुसऱ्याची लबाडी सापडो न सापडो, आपल्या लबाडीला सबब मात्र सापडते.