दुकानातला धबधबा

बोधेशेठनी यमुनाताईंसमोर दोन टीव्ही लावले. महागड्यावर धबधबा लखलखत होता, स्वस्तातल्यावर केबलच्या अंधूक बातम्या चालू होत्या. महागडा घेतला तर यंदाही फ्रिज राहणार, म्हणून ताई घुटमळत होत्या.

“ताई, चित्र पारखायला नजर लागते,” शेठ चार गिऱ्हाइकांदेखत हसले. “बायकांना काय, मालिका दिसली की झालं!”

ताईंना महागड्याच्या मागे खोचलेला पेनड्राइव्ह दिसला. “शेठ, तो जरा या स्वस्तातल्याला लावा बघू.”

गिऱ्हाइकं बघत होती. शेठना लावावाच लागला. इथेही धबधबा तस्साच लखलखला.

“किंमत टीव्हीची सांगता आणि चमक पेनड्राइव्हची दाखवता होय? बांधा हा स्वस्तातला!” ताई म्हणाल्या. “आता फ्रिज दाखवा. त्याला तरी पेनड्राइव्ह लागत नाही ना?”