डाल्याखालचा जावई

ऐका गं बायांनो, घरी आलेल्या पाहुण्याला कुंकू लावावं की नाही? लावावं म्हणता? मग मथुरेचं काय झालं ते ऐका.

डोंगराखाली एक नगर होतं. तिथं मथुरा नावाची सून होती. तिला माहेरून कोंबड्या आंदण आल्या होत्या. कोंबडा मुंगसानं नेला. मग कोंबड्या अंडी घालीत, खुडूक बसत, पण पिल्लू निघेना. सासू म्हणाली, "एक कोंबडा आणून बघ. जमलं तर ठीक, नाहीतर तो अन् तुझ्या माहेरच्या, सगळ्या चुलीवर." मथुरा कोंबडा शोधायला निघाली.

पहिल्या घरी गेली, दाणे टाकले. कोंबड्यानं एकट्यानं खाल्ले. दुसऱ्या घरी गेली, दाणे टाकले. कोंबड्यानं कोंबड्यांना टोचून हाकललं. तिसऱ्या घरी गेली, दाणे टाकले. कोंबड्यानं दाणा उचलला, खाली ठेवला, कुटकुट करून कोंबड्यांना बोलावलं, आपण मागं सरला. दिसायला लुकडा, शेपूट अर्धी. पण मथुरेनं तोच काखेत घेतला.

घरी आली. हरखली. भाकरतुकडा ओवाळला, जावई आला म्हणून मानेला कुंकू माखलं, अन् भर दुपारी परसात सोडला. लाल बघून काळी कोंबडी धावली. मग कवडी धावली. मग सगळ्याच धावल्या. टोचून टोचून रक्त काढलं. कोंबडा अळवात दडला.

"सुरी काढू का?" सासू म्हणाली.

"आत्याबाई, मंगळवारपर्यंत थांबा."

"थांबते. मंगळवारी सकाळी रक्त दिसलं, तर दुपारी रस्सा."

मथुरा उंबराखाली रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. "बाई बाई, का रडतेस?" मथुरेनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "अगं, तू केलास मान, कोंबड्यांना दिसली जखम. डाल्याचा वसा घे." "तो कसा घ्यावा?" "कुंकू धुवावं. जखमेला हळद लावावी. कोंबडा बांबूच्या विरळ विणीच्या डाल्याखाली ठेवावा, डालं कोंबड्यांत ठेवावं. आत दाणे टाकावे, बाहेर दाणे टाकावे. मन कितीही ओढलं तरी डालं उचलू नये. मग सोमवारी दिवेलागणीला, कोंबड्या पेंगल्या की, त्याला हळूच खुराड्यातल्या दांडीवर मधोमध बसवावं. उजाडेपर्यंत खुराडं उघडू नये."

मथुरेनं वसा घेतला. पहिल्या दिवशी काळीनं डाल्याला टोचलं. मथुरेचा हात डाल्याकडे गेला, मागं आला. दुसऱ्या दिवशी कवडी डाल्यावर चढली. हात गेला, मागं आला. तिसऱ्या दिवशी काळी डाल्याला टेकून बसली. माया म्हणून बसली की टपून, मथुरेला कळेना.

सोमवारी दिवे लागले. कोंबडा दांडीवर बसवला. आत फडफड झाली. मग सगळं चूप. त्या चूप होण्याचीच मथुरेला जास्त धास्ती वाटली. हात कडीवर गेला, मागं आला.

"झोप की गं!" सासू म्हणाली. पण तीही कूस बदलीत होती.

मंगळवारी उजाडलं, तरी कोंबडा आरवेना. मथुरेनं कडी काढली. दांडीवर मधोमध कोंबडा होता. एका अंगाला कवडी, एका अंगाला काळी. त्याची मान काळीच्या पिसांत होती. रक्ताचा थेंब नव्हता.

मथुरेनं दाणे टाकले. कोंबड्यानं एक उचलला, खाली ठेवला, कुटकुट केलं. काळी आली अन् खाऊन गेली. सासू सूप घेऊन मागं उभी होती. म्हणाली, "जावयाला जास्त घाल गं. लुकडा आहे."

मथुरेची धाकधूक जशी निवली, तशी तुमची आमची निवो. लांबलचक कहाणी थोडक्या बोलांत सुफळ झाली.