दर्ग्याच्या कट्ट्यावरचे एकेचाळीस झरे

"विचारा की चाचा! कुठल्याही झऱ्याचं नाव घ्या. कुठाय ते मी इथं बसल्या बसल्या दाखवते."

प्रांजली मगदूमनं मोबाइल पुढं धरला होता. दस्तगीरचाचा दर्ग्याच्या कट्ट्यावर बसून सुकलेली फुलं निवडत होते. वाहिलेली फुलं ते टाकून देत नसत, वाळवून झाडांच्या बुडात घालत.

त्यांनी मान वर केली नाही.

"सगळे झाले?"

"सगळे. एकेचाळीस. तीन दिवसांत."

"लई चाललीस मग."

"चालले तर! पायाला फोड आलेत."

ते खरं होतं. या कहाणीत प्रांजलीनं खोटं काहीच सांगितलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर ऐकणाऱ्याला उगाच वाटतं की पोरगी लबाड होती.

कासारधोंड हे गाव डोंगराच्या पायथ्याला, आणि दर्गा डोंगराच्या माथ्यावर. मधे सगळं दाट रान. त्या रानात एकेचाळीस झरे. चाचा दर्ग्याचे मुजावर. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात एकेका झऱ्यातला गाळ त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता. प्रांजली ज्या संस्थेत काम करायची, ती संस्था झऱ्यांच्या वरच्या अंगाला चर खोदणार होती, म्हणजे पावसाचं पाणी मुरेल आणि झरे उन्हाळ्यात आटणार नाहीत. त्यासाठी प्रत्येक झरा मोबाइलमधल्या नकाशावर नोंदवायचा. नकाशावर ठिपका पडेल तसे चर पडणार. ज्याचा ठिपका नाही, त्याची पाळी पुढच्या वर्षी. नकाशा शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होता, आणि आज गुरुवारची सकाळ होती.

प्रांजलीचंही एक काम त्यात अडकलेलं होतं. जिचा नकाशा आधी पुरा होईल, ती तालुक्यातल्या सगळ्यांना नकाशाचं हे अ‍ॅप शिकवणार, असं तिच्या साहेबांनी जाहीर केलं होतं. काल रात्री तिनं संस्थेच्या ग्रुपवर 'एकेचाळीस पूर्ण' असं लिहिलं, आणि साहेबांनी तीन टाळ्या पाठवल्या.

पहिल्या दिवशी चाचांनी तिला सगळ्या झऱ्यांची नावं सांगितली होती. "मी येतो संगं," असंही म्हणाले होते.

"नको चाचा. तुमचा गुडघा दुखतोय. आणि खरं सांगू का, मला भराभर जायचंय."

चाचा हसले होते. मागंच राहिले होते.

आता त्यांनी फुलं बाजूला सारली. कट्ट्याखालची तांब्याची कळशी उचलली आणि तिच्यापुढं ठेवली.

"बाळंतिणीचं पाणी आण जा."

बाळंतिणीचं पाणी म्हणजे पूर्वेच्या उतारावरचा एक झरा. गावात बाई बाळंत झाली की तिला पहिलं पाणी तिथलं पाजत.

"आत्ता?"

"तहान लागली. पर एक कर. डोंगराकडं बघायचं न्हाई. आठवायचं न्हाई. फोन म्हणंल तसं जायचं."

"एवढंच ना!"

ती उठली. कळशी कमरेवर घेतली. झऱ्याचं नाव शोधलं आणि 'वाट दाखवा' दाबलं.

फोन लगेच बोलला. बाईचा आवाज होता, गोड.

"तुम्ही पोहोचला आहात."

"अडकलंय वाटतं," प्रांजली म्हणाली.

"मग माकडपाणी बघ."

तिनं माकडपाणी दाबलं.

"तुम्ही पोहोचला आहात."

"उंबरझरा?"

"तुम्ही पोहोचला आहात."

चाचांनी कळशीत डोकावून बघितलं. मग फरशीवर हात फिरवला, ओल लागते का ते पाहावं तसा.

"कोरडं हाय."

...

प्रांजली मटकन खाली बसली. नकाशा उघडला. मधोमध एक मोठा निळा गोल होता, आणि त्यात आकडा लिहिलेला, ४१. तीन दिवस ती तो आकडा वाढताना बघत होती. लांबून बघितलं की ठिपके एकत्र दिसतात आणि जवळ गेलं की सुटे होतात, हे तिला ठाऊक होतं. जवळ मात्र ती गेलीच नव्हती.

आता गेली. दोन बोटांनी नकाशा ताणला. रान मोठं झालं. दर्गा मोठा झाला. कट्टा मोठा झाला.

गोल सुटेना.

रानात झाडं दाट. तिथं फोनला आपली जागा नीट सापडत नव्हती. चूक किती मीटरची आहे ते फोन दाखवत होता, आणि तो आकडा तीस-चाळीसच्या खाली येत नव्हता. थांबायला वेळ कुणाला? तिनं प्रत्येक झऱ्यापाशी फोटो काढला, वहीत चार शब्द लिहिले आणि पुढं निघाली. संध्याकाळी या कट्ट्यावर, जिथं डोक्यावर मोकळं आभाळ आणि फोनला रेंज, तिथं बसून एकेक नोंद भरली आणि सेव्ह केली. अ‍ॅपला काय, सेव्ह दाबताना फोन जिथं असेल ती जागा ते लिहून घेतं. बिचाऱ्यानं एकेचाळीस वेळा इमानानं कट्टा लिहून घेतला.

"म्हंजे तुमच्या कागदात," चाचा म्हणाले, "एकेचाळीस झरे माझ्या बुडाखाली?"

त्यांना हसू आवरेना. खांदे गदगदा हलत होते. डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला.

प्रांजलीला मात्र रडू आलं. अशा वेळी फोनवर रागावता येतं, ते एक बरं असतं. तिनं फोनला दोन शिव्या घातल्या. मग उरलेली तिसरी स्वतःला घातली.

"उद्या पाचला बंद होतंय, चाचा."

"व्हय."

"सगळ्या ग्रुपला सांगून बसलेय मी."

"व्हय."

ती एकदम सावरून बसली.

"थांबा. हातानं ठेवता येतात ठिपके. उपग्रहाचा फोटो आहे ना नकाशाखाली. मला आठवतंय सगळं. तासाभरात होतील."

चाचांनी पंचा परत खांद्यावर टाकला.

तिनं पूर्वेचा उतार शोधला. फोटोत सगळं हिरवं होतं. ओढा दिसेना, पायवाट दिसेना. तिनं अंदाजानं बोट टेकवलं.

"बाळंतिणीचं पाणी... इथं असेल."

"असंल?"

"इथंच आहे. जवळजवळ."

चाचा पुढं वाकले. फोनकडं न बघता तिच्या बोटाकडं बघत राहिले.

"बोटाखाली किती डोंगर दबलाय गं?"

तिनं बोट उचललं. कोपऱ्यातली मोजपट्टी बघितली. नकाशा आणखी ताणला असता तर बोटाखाली जमीन कमी आली असती, पण मग नुसतं हिरवं उरलं असतं, ओळखायला काहीच नाही. मनात हिशोब केला.

"दोनशे पावलं," ती हळूच म्हणाली.

"पलीकडच्या वाडीत एका झऱ्याचं असंच झालं. कुणीतरी जवळजवळ सांगितलं. चर खोदला तो नेमका झऱ्याच्या तोंडावर. पाणी खालनं कुठं गेलं, आजवर कळलं न्हाई."

...

वारा सुटला होता. वाळकी फुलं कट्ट्यावरून सरकत चालली होती. ती गोळा करायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"चाचा, तुमचा गुडघा फार दुखतोय का?"

"दुखतोय."

"याल का संगं?"

चाचांनी काठी घेतली.

बाळंतिणीच्या पाण्यापाशी पोचायला पाऊण तास लागला. एकटी गेली तेव्हा वीस मिनिटं लागली होती. जांभळाच्या मुळाखाली चुलीएवढा खड्डा आणि त्यात नितळ पाणी. प्रांजलीनं फोन काढला. अडतीस मीटर.

ती उभी राहिली. अडतीस.

फोन डोक्यावर धरला. एकेचाळीस.

"वाढला की!"

"खाली ठेव त्याला," चाचा म्हणाले. "दगडावर. आनि तूबी बस."

ती बसली. चाचा खड्ड्यातली कुजकी पानं काढू लागले. एकेक पान, घाई नाही. चौतीस. प्रांजलीचा पाय हलत होता. तिनं घड्याळ बघितलं. तीस. परत तीस. पुन्हा घड्याळ बघितलं. मग बघायचं सोडून दिलं, कारण घड्याळात बघून आकडा उतरत नाही हे तिच्यासारख्या शिकलेल्या मुलीलाही अखेर पटलं.

तीही पानं काढायला लागली.

पाणी गार होतं. हात गोठतील इतकं. बोटांना तळाशी वाळू लागली, आणि मग काहीतरी विचित्र लागलं.

"चाचा, इथं पाणी येत नाहीये."

"मग?"

"हे नुसतं साठलंय. येतंय ते..." ती गुडघ्यांवर रांगत चढावर सरकली. दगडाच्या मागं, मुळांच्या जाळीत हात घातला. "इथनं येतंय! वर, आठ-दहा पावलांवर!"

"व्हय. तितंच झऱ्याचं तोंड."

"मी फोटो खड्ड्याचा काढला होता."

"सगळी तोच काढत्यात."

तिनं फोन उचलून वर आणला, मुळांपाशी ठेवला. आकडा पुन्हा वर गेला, पुन्हा सावकाश उतरू लागला. या खेपेला तिला त्याची घाई नव्हती. ती जांभळाला टेकून बसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला रानातल्या पाखरांचा आवाज ऐकू आला. पायाचे फोड पाण्यात बुडवावेत असं वाटलं, पण हे बाळंतिणीचं पाणी, म्हणून तिनं तसं केलं नाही. ओंजळभर प्याली. बरं वाटलं. उगाचच खूप बरं वाटलं.

अकरा. सात. चार.

तिनं सेव्ह दाबलं.

"झाला?" चाचांनी विचारलं.

"एक झाला."

"चल. कुदळीचा झरा जवळ हाय."

त्या दिवशी पाच झाले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दुपारपर्यंत आणखी चार. त्यातल्या दोन ठिकाणी तिनं आधी भलताच ओलावा झरा समजून टिपला होता. एका ठिकाणी चाचांचंच चुकलं. ओढ्याच्या उजवीकडं म्हणून घेऊन गेले आणि झरा निघाला डावीकडं.

"ह्यो सरकला," चाचा अवघडून म्हणाले.

"झरा की तुम्ही?"

चाचांनी काठी उगारली, आणि दोघंही हसत सुटले.

साडेचारला ते माथ्यावर परतले. चाचा कट्ट्यावर पाय सोडून बसले आणि गुडघा दाबत राहिले. प्रांजलीनं जुन्या एकेचाळीस नोंदी पुसल्या. मग नकाशा उघडला. या खेपेला लांबूनसुद्धा नऊ ठिपके नऊ जागी दिसत होते, पूर्वेच्या उतारावर सहा आणि ओढ्याच्या काठानं तीन.

ते तिला सुंदर वाटलं. ती बराच वेळ बघत राहिली.

पावणेपाच वाजले. तिनं अंगठा 'पाठवा' या बटणावर धरला, आणि तो तिथंच थबकला.

"चाचा, परवा एकेचाळीस सांगितले. आज नऊ पाठवतेय. साहेब फोन करतील."

"करू दे की."

"शिकवायचं काम गेलं बहुतेक."

"जाईल."

यावर ती हसली. तिला वाटलं होतं तेवढं वाईट ते वाटलं नाही.

"पण एक सांगा. बाकीचे बत्तीस कुठं गेले असं त्यांनी विचारलं, तर काय सांगू?"

चाचा गुडघा दाबायचे थांबले. खाली पसरलेल्या रानाकडं त्यांनी एकदा बघितलं...

"म्हणावं, वाहत्यात."