पलीकडच्या गॅलरीतले लिंबू

एकदा दोन देशांमध्ये एक तार होती. त्या दोघांत दुसरे काही उरलेच नव्हते. रेल्वे बंद, टपाल बंद, नदीवरच्या पुलाला काटेरी कुंपण. दोन युद्धे होऊन गेली होती आणि तिसऱ्याची तयारी दोन्हीकडे नेटाने चालली होती. ही तार मात्र दोन्ही राजधान्यांना जोडून होती. तिच्या दोन टोकांना दोन यंत्रे. इकडे टंकावे, ते तिकडे कागदावर उमटावे. ऐन संकटात ती मुकी झालेली सापडू नये म्हणून एक नियम होता. रोज सकाळी पलीकडच्यांनी चार ओळी पाठवायच्या, रोज सायंकाळी अलीकडच्यांनी. विषय कोणताही चाले. राजकारण, बढाई आणि टोमणा एवढे वर्ज्य.

अलीकडच्या यंत्रापाशी एक वृद्ध गृहस्थ बसत. पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुणी शिकायला आली. महायुद्धांचा इतिहास घेऊन ती विद्यापीठात पहिली आली होती. पहिल्या महायुद्धाआधी राजधान्याराजधान्यांतून कोणत्या तारा गेल्या, कोणत्या उशिरा पोहोचल्या, हे तिला तोंडपाठ होते. एका बेटावरच्या क्षेपणास्त्रांवरून दोन महासत्ता अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आल्या, तेव्हा एकेक निरोप पोहोचायला तासन्‌तास लागत होते, हेही ती जाणत होती. शिवाय तिचा धाकटा भाऊ सीमेवर उत्तरेच्या चौकीत होता. चौकी इतकी पुढे, की युद्ध पेटले तर पहिला गोळा तिथेच पडायचा. म्हणून तर तिने हे काम मागून घेतले होते.

पहिल्याच सायंकाळी गुरुजींनी टंकले ते तिने खांद्यावरून वाचले आणि तिला आपले डोळे खोटे वाटले.

"गुरुजी, हे काय?"

"लोणचं."

"ते दिसतंय. देशाच्या सुरक्षेच्या तारेवर लोणचं?"

"त्यांच्या बरणीत बुरशी येते म्हणे. मीठ कमी पडत असणार," गुरुजी शांतपणे म्हणाले आणि चहा ओतू लागले. म्हाताऱ्या माणसांची ही एक खोडच असते. प्रश्न जितका निकडीचा, तितका त्यांचा चहा सावकाश.

पुढे तिला कळले, की पलीकडचा माणूस एकोणीस वर्षे तोच आहे. त्याच्या गॅलरीत कुंडीत एक कागदी लिंबू होते आणि त्याला कधी फळ धरत नव्हते. गुरुजींनी त्याला सांगितले होते, काही दिवस पाणी तोडा, झाडाला जरा तहानेने व्याकूळ होऊ द्या, मग भरपूर पाणी द्या, फुलेल. एकोणीस वर्षांत त्या गृहस्थाला इतका धीर कधी झाला नव्हता. पाने जरा मान टाकू लागली, की हा तांब्या घेऊन धावलाच! या वर्षी त्याने मन घट्ट केले होते.

आणि त्याच दिवसांत सीमेवर पलीकडून तोफा डागल्या गेल्या. अलीकडचे अकरा जवान मेले. राजधानीत काळे झेंडे लागले. चौकाचौकांत सूड, सूड अशी एकच आरोळी उठली. तरुणी भावाच्या खुशालीसाठी दिवसभर फोनपाशी बसली होती. तो जिवंत आहे एवढेच कळले. सायंकाळी ती यंत्रापाशी आली, तेव्हा गुरुजींचा निरोप नुकताच गेला होता.

"पाने मलूल दिसली तरी पाणी घालू नका. अजून थोडे दिवस धीर धरा."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "इथे चिता पेटल्यात, आणि तुम्ही वैऱ्याच्या कुंडीची काळजी वाहताय? लाज नाही वाटत?"

"वाटते ना," गुरुजी म्हणाले. "पण आजच्या दिवशी तर हा निरोप जायलाच हवा होता. बस. चहा घे."

"तुमचा चहा तुम्हालाच लखलाभ!"

दार आपटून ती निघाली ती थेट मंत्रालयात. शत्रूशी गप्पा छाटणारा हा म्हातारा आधी तिथून हलवा, असे तिने ठणकावून सांगितले. लोक संतापलेले, मंत्री घाबरलेले. तक्रार पटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींना घरी बसवले गेले आणि त्यांच्या खुर्चीत ती बसली. सकाळी पलीकडून नेहमीच्या चार ओळी आल्या, त्या तिने वाचल्यासुद्धा नाहीत. सायंकाळच्या निरोपाची जुळवाजुळव तिच्या मनात सुरू होती, आणि त्यात लोणचे नव्हते.

भर दुपारी यंत्राची घंटा वाजली. ही निरोपाची वेळ नव्हती.

"उत्तरेला आमच्या दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली आहे. स्फोट होतील. ज्वाळा तुम्हाला दिसतील. हा हल्ला नाही. कृपया गोळीबार करू नका."

तिने सेनापतींना कळवले. ते आले तेच फोन कानाला लावून. उत्तरेच्या चौकीवरून आकाश तांबडे दिसत होते, जमीन हादरत होती, आणि तोफा डागायची परवानगी मागितली जात होती.

निरोप वाचून सेनापती म्हणाले, "चाल आहे ही. आम्ही हात बांधून बसावं म्हणून."

तिला भावाची चौकी दिसू लागली. इथून पहिली तोफ सुटली, की तिकडून येणारा पहिला गोळा कुठे पडणार, हे तिला ठाऊक होते. आणि पलीकडचा खोटे बोलत असेल, तर गप्प राहिलो तरी भाऊ जाणारच होता. खोटे की खरे? विद्यापीठातले सगळे ग्रंथ एकदम गप्प झाले. तिने यंत्राकडे हात नेला.

"काय करताय?" सेनापती कडाडले.

"एक विचारते." तिने टंकले, "झाड कसे आहे?"

 मग कागद सरकला.

"पाने पार गळून जातील असे वाटते. भीती वाटते. पाणी घालू का?"

सेनापतींनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "कसली ही सांकेतिक भाषा?"

"सांकेतिक नाही, साहेब. त्याचं लिंबू आहे." तिने कागदावरच्या ओळीवर बोट ठेवले. "एकोणीस वर्षं हा माणूस आपल्याला सांगतोय, की त्याच्या झाडाला फळ धरत नाही. शत्रूला! थाप मारायची असती, तर त्यानं एखादं लिंबू तरी खोटं लावलं असतं. आणि ज्याच्या पाठीशी चढाईला निघालेलं सैन्य उभं आहे, तो असल्या वेळी पाणी घालू का म्हणून विचारत नाही. तो खरं बोलतोय. थोडा वेळ थांबा."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"त्या चौकीत माझा भाऊ आहे."

सेनापतींनी तो कागद घडी करून खिशात घातला. मग फोनमध्ये म्हणाले, "थांबा. माझ्या हुकमाशिवाय एकही गोळी नाही."

ती वाट पाहणे फार लांबले. अखेर चौकीवरून कळले, स्फोट जागच्या जागी होत आहेत, सीमेच्या अलीकडे काही पडलेले नाही, पलीकडचे शिपाई बादल्या घेऊन धावताना दिसत आहेत. सेनापतींनी फोन खाली ठेवला. तिने त्यांना चहा ओतून दिला आणि मग, हे अगदी गुरुजींसारखे झाले म्हणून, स्वतःवरच चिडली.

तिथून उठून ती गुरुजींच्या घरी गेली. ते ओसरीवर शेंगा सोलत होते.

"तुमच्यावर तक्रार मी केली होती," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"ठाऊक आहे. दार आपटलंस तेव्हाच कळलं. बस."

तिने सगळे सांगितले. गुरुजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तहान लागल्यावर विहीर खणू नये, एवढं आपण लेकरांनाही शिकवतो. विश्वासाचंही तसंच आहे. नको त्या दिवशी तो लागतो, आणि त्या दिवशी तो तयार करता येत नाही. तू शिकलीस त्या महायुद्धांत तारा काय कमी धावल्या? पण पलीकडच्याचा शब्द खरा मानावा, एवढी ओळखच उरली नव्हती. पायवाट रोज तुडवावी लागते. ज्या दिवशी पाय टाकवत नाही, त्या दिवशी तर नक्कीच."

दुसरी एखादी असती तर इथे पाया पडून घरी गेली असती. ही तशी नव्हती.

"पण ते अकरा जण तर गेलेच ना, गुरुजी? पायवाट तुडवता आहात एकोणीस वर्षं. त्या वाटेनं पलीकडे गेलं का कुणी?"

गुरुजींनी शेंगा बाजूला सारल्या. ते म्हणाले, "नाही. खरं आहे तुझं. वाट मोडली नाही, एवढ्यावरच आम्ही समाधान मानलं. पुढे चालायचं धाडस आम्हाला झालं नाही. ते आता तुम्हाला करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सन्मानाने परत बोलावले गेले, पण ते खुर्चीत बसले नाहीत; शेजारी बसले. सायंकाळी तिने टंकले, "आता पाणी द्या. भरपूर द्या." मग क्षणभर थांबून तिने खाली स्वतःचे नाव घातले आणि विचारले, "आपले नाव काय?"

"असं कधी कुणी केलं नाही," गुरुजी दचकून म्हणाले.

"नियमात मनाईही नाही. मी वाचलाय."

पुढचे काही दिवस पलीकडून फक्त हवामान आले. तिला वाटले, घाई झाली आपली. मग एका सकाळी यंत्र खडखडले. गुरुजींनी चष्मा शोधेपर्यंत तिने वाचूनही टाकले.

"पांढऱ्या कळ्या आल्या आहेत. मोजल्या नाहीत, दृष्ट लागेल."

आणि त्याखाली एक नाव होते.

तिने ते मोठ्याने वाचले. गुरुजींनीही ते एकदा पुटपुटून पाहिले, जणू नवा शब्द शिकत आहेत. "एकोणीस वर्षं," ते हळूच म्हणाले, "आणि मला हे विचारायचं सुचलं नाही." त्यांनी उठून दोन कप चहा ओतला. या वेळी तिने तो घेतला.